ज्वारीची खूण

थोर मोटारी थोर माणसांसाठी बनवलेल्या असतात आणि त्यांना हात लावणाऱ्याच्या अंगात त्यातला थोडा थोरपणा उतरतोच, असं या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं आहे. अशी एक मोटार आमच्या घरात सत्तरहून जास्त वर्षं आहे. तिच्यामुळे आमच्या अंगावर काय काय उतरलं याचा मी बराच विचार केला आहे. सगळ्यांत आधी पीठ आठवतं.

गाडी विलायतेत बनलेली, शंभरीला आलेली. लांबलचक बॉनेट, पितळी दिवे, सहा सिलिंडर. मागच्या सीटवर बसणाऱ्याला ड्रायव्हरकडे मान वळवायचेही कष्ट पडू नयेत म्हणून आत एक बोलण्याची नळी आहे. मागं बसून नळीत हुकूम सोडायचा, तो पुढं ड्रायव्हरच्या कानाशी निघतो. एका जहागीरदारांनी ती हैदराबादेत घेतली होती. आमच्या गावाच्या आसपास त्यांची जमीन होती. कुंभार पिंपळगावच्या बाजारापासून आमचं गाव बैलगाडीनं तासाभरावर. त्या रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी सहा सिलिंडरचं काय काम होतं, हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही.

माझे वडील त्या गाडीचे क्लीनर होते. धुणं, पुसणं, पाणी भरणं आणि सकाळी पुढं उभं राहून हँडल मारणं ही त्यांची कामं. ड्रायव्हर हैदराबादचा. तो इंजिनाला हात घाली तेव्हा वडिलांनी फक्त कंदील धरायचा. वडील कंदील बरोबर जिथं हवा तिथं धरत, कारण त्यांनाही तेच बघायचं असे. प्रवासात ते गाडीच्या पायरीवर उभे राहत. आत बसायची त्यांना कधी वेळ आली नाही, आणि त्या काळी आमच्या जातीच्या माणसाला ती येणारही नव्हती.

पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी काही महिने, जांबच्या बाजूला एका ओढ्यातून जाताना उजवं मागचं चाक दगडावर आदळलं आणि चाक ज्याच्यावर बसतं तो लोखंडी हब फुटला. जहागीरदार बैलांच्या धमणीत बसून पुढं गेले. ड्रायव्हर त्यांच्याबरोबर गेला. गाडी आमच्या गावात आली ती दोन बैलांच्या मागं, फुटक्या बाजूला लाकडाचा ओंडका बांधून. जाताना जहागीरदार वडिलांना म्हणाले, "सँभाल के रखना, हम आते हैं." मग राज्य गेलं आणि ते आले नाहीत. काही वर्षांनी उर्दूत लिहिलेला एक कागद आला. गावातल्या मौलवींनी तो वाचून दाखवला. गाडी आता तुझीच, असं त्यात लिहिलं होतं, खाली सही होती. वडिलांच्या मालकीची ही पहिली वस्तू. तिला एक चाक नव्हतं.

त्यांनी तिचं जे केलं ते करायला एकतर फार मोठा इंजिनिअर लागतो, नाहीतर ज्याला त्या गाडीचा बिलकुल दबदबा वाटत नाही असा माणूस लागतो. त्यांनी फुटलेल्या हबच्या जागी एक नवा तुकडा ओतून घेतला, त्याला जोडूनच हातभर व्यासाची पुली. मागची बाजू विटांच्या ओट्यावर चढवली, उजवी बाजू हवेत ठेवली, पुलीवरून कातडी पट्टा घेतला आणि तो पिठाच्या चक्कीला जोडला. डावं चाक ओट्यावर पाचर मारून घट्ट केलं, कारण एक चाक अडवलं की दुसरं दुप्पट फिरतं हे ओढ्यातल्या चिखलात त्यांनी पाहिलं होतं. कॉलेजात मी या गोष्टीचं गणित पाच वर्षं शिकवलं. त्यांना चिखल पुरला.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि त्याच सुमारास गिरणी सुरू झाली. गावात कशानं जास्त खळबळ उडाली, हे सांगता येत नाही. आजूबाजूच्या पाच-सहा गावांत दुसरी गिरणी नव्हती, त्यामुळे राग धरला तरी दळण आमच्याकडंच आणावं लागे. वडिलांचा नियम एकच होता: ज्याचा डबा आधी आला त्याचं दळण आधी. पाटलांचा डबा आमच्या वस्तीतल्या डब्याच्या मागं पहिल्यांदा उभा राहिला तो दिवस मला आठवत नाही, मी जन्मलोच नव्हतो. पण तो दिवस मला इतक्या जणांनी सांगितला आहे की मी तिथं होतो असंच वाटतं. काही घरी आमच्याकडचं पीठ आत नेण्याआधी त्यावर तुळशीचं पान ठेवत. वडील म्हणत, "ठेवू द्या. पानानं पोरकिडे लागत न्हाईत."

इंजिन एका जागी उभं राहून तापायचं. म्हणून वडिलांनी रेडिएटरचं पाणी नळीनं एका मोठ्या पिंपात फिरवलं होतं. हिवाळ्यात पिंपातलं पाणी चांगलं कढत होई आणि वस्तीतल्या बाया हंडे घेऊन येत. त्या पाण्याला किंचित गंजाचा वास असे. माझ्या पिढीतल्या आमच्या वस्तीतल्या बहुतेक बाळंतिणींनी आणि बाळांनी त्याच पाण्यानं अंघोळ केली आहे. शाही मोटारीचं सुख म्हणतात ते आम्हाला असं मिळालं, आणि ते खरोखरच सुख होतं.

आता अक्काविषयी सांगायला हवं. ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली, कारण गिरणीला दोन माणसं लागत होती. एकानं मागं चक्कीत धान्य सोडायचं, दुसऱ्यानं पुढं बसून इंजिन सांभाळायचं. धान्य सोडायला ताकद लागते म्हणून ते काम वडिलांचं. ड्रायव्हरच्या जागेवर, घडी घातलेल्या पोत्यावर, अक्का बसायची. बोलण्याची नळी वडिलांनी मागच्या खिडकीतून बाहेर काढली होती. चक्कीपाशी उभं राहून ते नळीत ओरडत, "गहू!" आणि अक्का स्टिअरिंगच्या मधोमध असलेली ठिणगीची दांडी पुढं सरकवी, म्हणजे इंजिन जोर धरी. "ज्वारी!" म्हटलं की दांडी मागं. त्या दांडीखाली एक पितळी कमान आहे. तिच्यावर वडिलांनी कानशीनं तीन खुणा केल्या होत्या. पहिली इंजिन सुरू करायची, दुसरी ज्वारीची, तिसरी गव्हाची. दहा वर्षांच्या मुलीला न बघता, बोटानं कळाव्यात म्हणून त्या खोल केल्या होत्या.

माझी बहीण दहाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत ती मोटार चालवत होती. तेवढ्या काळात मोटार बोटभरही पुढं गेली नाही. मी मात्र त्या मोटारीच्या जोरावर बराच पुढं गेलो. आधी गावातली शाळा, मग अंबडची, मग औरंगाबादचं कॉलेज. ती गाडीत बसली म्हणून मी वर्गात बसलो. हे वाक्य मी आयुष्यात बऱ्याचदा मनात म्हटलं आहे. तिच्यासमोर एकदाही नाही.

कमानीवर इंग्रजीत दोन बारीक शब्द कोरलेले आहेत, एका टोकाला 'लवकर' आणि दुसऱ्या टोकाला 'उशिरा' या अर्थाचे. आठवीत असताना मी ते वाचले आणि माहेरी आलेल्या अक्काला मोठ्या ऐटीत त्यांचा अर्थ सांगितला. ठिणगी लवकर पडली तर काय होतं, उशिरा पडली तर काय, सगळं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बराबर हाय. पण ते आवाजातच कळतंय की रं."

वीज आल्यावर गावात विजेची गिरणी आली आणि आमची बंद झाली. गाडी ओट्यावरून उतरली, पुलीवरच चाक बसवलं गेलं आणि ती पत्र्याच्या शेडमध्ये गेली. पुलीमुळे उजवं मागचं चाक चार बोटं बाहेर येतं. वडील त्यानंतर दर पौर्णिमेला इंजिन सुरू करत. लोकांना वाटे, काही धार्मिक असेल. तसं काही नव्हतं. महिन्यातून एकदा इंजिन फिरवलं नाही तर ते जाम होतं, आणि पौर्णिमा विसरता येत नाही. ते गेल्यावर हे काम माझ्याकडं आलं. मी मूळ पुस्तिकेची झेरॉक्स मिळवली, परदेशी मासिकं मागवली, या गाड्यांवरचं जे हाती लागलं ते वाचलं. दोन वर्षांपूर्वी एका पौर्णिमेला इंजिन सुरू झालं नाही. त्यानंतर मी आणखी वाचलं.

जहागीरदारांकडं गाडी होती तेव्हा ती त्यांना समजत नव्हती. वडिलांना समजत होती तेव्हा बराच काळ ती त्यांची नव्हती. माझ्या बाबतीत कागदोपत्री मालकी पूर्ण होती आणि पुस्तकी समजही पूर्ण होती. फक्त गाडी चालू होत नव्हती.

मागच्या थंडीत संभाजीनगरला जुन्या मोटारींचा मेळावा भरणार होता. त्यांच्याकडून एक तज्ज्ञ गाडी बघायला आले. साठीचे, बोलायला मृदू, डोक्यावर पांढरी टोपी, आणि विषयाचं ज्ञान खरोखर मोठं. त्यांनी हात पाठीमागं बांधून गाडीभोवती प्रदक्षिणा घातली.

"सर, ही राणी आहे," ते म्हणाले.

"तिला सांगू नका," मी म्हटलं.

पण मनातून मला बरं वाटलं. थाटामाटावर मी आयुष्यभर शेरे मारत आलो आहे. गावातले सत्कार, शाली, नारळ, व्यासपीठावरच्या खुर्च्यांची भांडणं, काही सोडलं नाही. मात्र थाट स्वतःच्या दारात चालत आला की शेरे सुचत नाहीत, हे मला नवीन होतं. तज्ज्ञ म्हणाले, गाडी मूळ रूपात असेल तर मेळाव्याच्या अगदी पहिल्या रांगेत उभी राहील. त्यासाठी ती पुली जायला हवी, मुळासारखा नवा हब करून घेता येईल. कमानीवरचे ते ओरखडे वाईट दिसतात, तशी कमान नव्यानं करून मिळते. आणि गाडीबरोबर लावायला इतिहासाचं एक पान हवं, जहागीरदारांच्या काळाचं. "मधल्या काळाचं काही लिहिलं नाही तरी चालेल," ते म्हणाले. मी होकार दिला. एवढंच नाही, जालन्यात जाऊन एक कोटही शिवायला टाकला.

एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याला मी फोन केला. सोमवारी तो पुलीचं माप घ्यायला येणार होता. रविवारी सकाळी मी शेडमध्ये चाक काढून बसलो होतो, तेवढ्यात दारासमोर काळी-पिवळी जीप थांबली आणि अक्का उतरली. तिचं सासर वडीगोद्रीचं. ऐंशीला टेकली आहे, गुडघे दुखतात, आणि न कळवता ती गेल्या दहा वर्षांत आली नव्हती. माझ्या बायकोनं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. सांगितलं म्हणजे सहज विषय निघाला, असं बायकोचं म्हणणं आहे.

"काय करून राह्यलास?" अक्कानं दारातूनच विचारलं.

"चाक काढलंय. उद्या पुली काढायचीय."

"अन् चाक मंग कशावर बसवशील? तुझ्या पदव्यांवर?"

मी तिला मेळावा सांगितला, पहिली रांग सांगितली, मूळ रूप सांगितलं. ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली. पुलीकडं बघत राहिली. पदराच्या टोकानं तिनं पुलीच्या कडेवरचं ओंगण पुसलं, ताटाची कड पुसावी तसं.

"हे ओतायला बा जालन्याला गेल्ता तवा मी संगं गेल्ते," ती म्हणाली. "बैलगाडीत. लाकडाचा साचा सुताराकडून करून घेतल्ता. ओतणारा म्हणला, माप कुठंय? बानं खिशातून सुतळी काढली. गाठी मारलेली. ही एवढी जाडी, हा एवढा घेर. तो लई हसला. चार माणसं बोलावून सुतळी दाखवली त्यानं."

"मग?"

"मंग काय. बसली की पहिल्या झटक्यात. आजवर हलली का?"

हलली नव्हती, हे मला मान्य करावं लागलं. मी तरी म्हटलं, "अक्का, आपली पुली मी जपून ठेवीन. फेकणार थोडीच आहे? घरात मांडून ठेवू."

"मांडून ठेव," ती म्हणाली. "अन् खुणा? त्या कशा मांडशील? तेवढं एकच हाय माझं हितं."

ती हे रडत किंवा चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं ते बाजारात भाव सांगावा तसं सांगितलं. आमच्या घरात तिच्या नावाची वस्तू नव्हती, फोटो नव्हता, शाळेच्या दाखल्यावर चौथीनंतर काही नव्हतं. त्या आठ वर्षांचा पुरावा म्हणून पितळेवरचे कानशीचे तीन घाव होते, आणि ते मी पुसायला निघालो होतो, का, तर मला पांढऱ्या टोप्यांच्या रांगेत उभं राहायचं होतं. मी लेथवाल्याला नको येऊ म्हणून कळवलं का? नाही. मला अजूनही वाटत होतं की काहीतरी मधला मार्ग निघेल. शिकलेल्या माणसाला नेहमीच तसं वाटतं.

मधला मार्ग म्हणून मी तज्ज्ञांनाच बोलावलं. ते बिचारे सोमवारी सकाळी आले, लेथवाल्याच्या आधी. अक्कानं त्यांना चहा दिला आणि समोर बादलीवर बसली. त्यांनी तिला फार आदरानं समजावलं की पुली हा नंतरचा बदल आहे, आणि त्या जागी मुळासारखा हब आला की गाडी अस्सल होईल.

"तो हब कवा बनवणार?" अक्कानं विचारलं.

"पंधरा दिवसांत होईल, आजी."

"अन् ही पुली सत्तर वर्षं झाली. म्हंजी ही खोटी, अन् पंधरा दिवसांनी बनंल ती मूळची?"

तज्ज्ञांनी कप खाली ठेवला. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ते म्हणाले, "आजी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण नियम तसा आहे."

"असू द्या की नियम," अक्का म्हणाली. "आधी ती चालू तर व्हतीय का बघा. बंद गाडीला कशाचा नियम?"

ही गोष्ट मी तज्ज्ञांपासून लपवली होती. मी पुढं झालो, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दांडी पार 'उशिरा'च्या टोकाला नेली आणि हँडल मारायला गेलो. "अंगठा बाहीर," अक्का मागून म्हणाली. हँडल उलटलं तर आत धरलेला अंगठा मोडतो. आमच्या घरात माणसाची अक्कल अंगठ्यावरून ठरे. मी अंगठा बाहेर घेतला आणि वीस-पंचवीस वेळा हँडल मारलं. इंजिन दोनदा शिंकलं आणि गप्प झालं. तज्ज्ञांनी कोट काढून प्रयत्न केला. त्यांच्यासाठी ते एकदाही शिंकलं नाही.

मग अक्का उठली. दार उघडून, गुडघ्याला हातानं आधार देत ती ड्रायव्हरच्या जागेवर चढली. मी घाईनं एक पोतं घडी करून दिलं. आता तिला उंचीसाठी पोत्याची गरज नव्हती, तरी तिनं ते घेतलं. दांडी टोकापासून जराशी पुढं आणली आणि ती पहिल्या खुणेत टक्कन बसली. मी म्हटलं, पुस्तिकेत अगदी टोकाला न्यायला सांगितलंय.

"पुस्तकातली गाडी नवी आसंल," ती म्हणाली. "ही आपली हाय. मार."

तिसऱ्या फेरीला इंजिन लागलं. आधी चार सिलिंडरवर, मग पाच, मग अक्कानं बोटानं काहीतरी केलं आणि सहावा आला. शेडच्या पत्र्यावरची चिमण्यांची घरटी हलली. अक्काचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. तिनं मान जराशी वाकडी केली, तशी ती गव्हात खडा वाजला की करायची, आणि न बघता दांडी दुसऱ्या खुणेवर नेली. इंजिनाचा आवाज खाली बसला, गोल झाला.

"ज्वारी," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, मला माहीत नाही.

मी खिशातून फोन काढून बाहेर गेलो आणि लेथवाल्याला सांगितलं की येऊ नको. हे ठरवायला मला अख्खा एक दिवस लागला होता. ठरल्यावर मात्र काही वाटलं नाही. उलट भूक लागली.

चक्की शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली होतीच. पट्टाही होता, कडक झालेला. त्याला तेल लावून मऊ करण्यात, मागची बाजू ओट्यावर चढवण्यात आणि डाव्या चाकाला पाचर मारण्यात दुपार झाली. शेजारचे मोसंबीवाले आवाज ऐकून आले. ते पाटलांचे नातू, माझ्याच वयाचे. सहा फुटी माणूस, तज्ज्ञांच्या शेजारी उभं राहून टोपीकडं बघत होता.

"साहेब, या गाडीत माझा आजा कधी बसला न्हाई," ते तज्ज्ञांना म्हणाले. "पर आज्याचा डबा लई बसलाय. मागच्या सीटवर. नंबर लागेस्तोवर."

"डब्यावर रागवायचे का आजोबा?" तज्ज्ञांनी विचारलं.

"डब्यावर न्हाई. आज्जीवर. जल्दी का गेली न्हाईस म्हणून." असं म्हणून ते घरी गेले आणि अर्धं पोतं ज्वारी घेऊन आले. अक्का आतून ओरडली, "आधी आमचा डबा हाय!" आणि ते हसत हसत पोतं खाली ठेवून डब्याच्या मागं उभे राहिले.

धान्य मी सोडलं. नळी मागच्या खिडकीतून बाहेर काढली, वडील उभे राहत तिथं उभा राहिलो आणि ओरडायच्या ऐवजी जे वाक्य आयुष्यभर मनात म्हणत आलो होतो ते नळीत म्हटलं. इंजिन चालू होतं, तिला कितपत ऐकू गेलं कुणास ठाऊक. नळीतून उत्तर आलं, "काय म्हणला? गहू?"

"नाही," मी म्हटलं. "ज्वारीच."

"मंग सोड की. इंजिन रिकामं चालून राह्यलंय."

जेवताना तज्ज्ञांनी फॉर्म काढला. मनानं चांगला माणूस. मूळ रूपाच्या रांगेत नाही तरी दुसऱ्या कुठल्या गटात गाडी बसते का, हे समितीला विचारून बघतो म्हणाले. फॉर्मवर एक रकाना होता: या मोटारीतून प्रवास केलेल्या प्रतिष्ठित व्यक्ती. त्यांनी पेन धरून अक्काकडं बघितलं.

"ज्वारी," अक्का म्हणाली. "गहू. बाजरी. हरभरा. मिरची कधी न्हाई. मिरचीचा ठसका जात न्हाई, बा घेऊच द्यायचा न्हाई."

त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. निघताना टोपी काढून ते अक्काच्या पाया पडले. तिनं त्यांच्या हातात दोन किलो पिठाची पिशवी दिली.

अक्का संध्याकाळी वडीगोद्रीला गेली. जाताना मला म्हणाली, पौर्णिमेला येत जाईन, गुडघे बरे असले तर. तेव्हापासून ती दर पौर्णिमेला येते, गुडघे कसेही असले तरी. कोट शिवून आला आहे, बायकोच्या भावाला तो बरोबर बसतो. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये आहे, पुली जागेवर, चाक चार बोटं बाहेर, खुणा तिन्ही शाबूत. तिच्यामुळे आम्हाला मिळालं ते सगळं मोजायला गेलो तर दोन वेळची भाकरी, ऊन पाणी, माझी शाळा आणि एक बहीण एवढंच होतं. इतकं शाही मी दुसऱ्या कुठल्याही मोटारीबद्दल वाचलेलं नाही.

त्या सोमवारनंतर आठ दिवसांनी तज्ज्ञांचा फोन आला. मला वाटलं, समितीचा निर्णय झाला. मी बसून घेतलं. ते म्हणाले, भाकरी उत्तम झाल्या, पण पीठ जरा जाडसर होतं, चाळून घ्यावं लागलं.